नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही

मागच्या अंकात एका उत्तरात गर्भपाताच्या कायद्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, काही गावंही बदललीत. सगळी पत्रं वाचून एक गोष्ट फार लागली मनाला, ती आधीच सांगते. यातल्या बहुतेक बायका कायद्यात नसलेल्याच कुठल्यातरी कागदासाठी अडवल्या गेल्यात, कुणाला नवऱ्याची सही, कुणाला लग्नाचा दाखला, कुणाला कोर्टाची ऑर्डर, आणि त्या कागदामागे फिरताना आठवडे जातात आणि आठवडे संपले की मग मात्र कायदा खरंच आडवा येतो.

ताई, मला दोन मुलं आहेत, धाकटं दीड वर्षाचं. पाळी चुकली म्हणून टेस्ट केली तर दिवस गेलेत, सोनोग्राफीत ८ आठवडे सांगितले. आम्हाला दोघांनाही हे मूल नकोय. पण मिस्टर मस्कतला कामाला आहेत, डिसेंबरशिवाय सुट्टी नाही. डॉक्टर म्हणतात नवऱ्याची सही पाहिजेच, नसेल तर सासऱ्यांची आणा. सासऱ्यांना मी काय सांगू?
— एक वाचक, निफाड

ताई, सासऱ्यांना काहीच सांगायची गरज नाही. तुम्ही १८ वर्षं पूर्ण केलेल्या आहात, तुमची स्वतःची सही पुरते. गर्भपाताचा आपला कायदा १९७१ चा आहे, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला, त्यात संमती कुणाची घ्यायची हे स्पष्ट लिहिलंय, ज्या बाईच्या पोटात गर्भ आहे तिची, बस. नवरा, सासू, सासरा, भाऊ यांच्यापैकी कुणाचाही उल्लेख त्यात नाही. संमतीसाठी फॉर्म सी असतो, त्यावर तुमचं नाव, वय, पत्ता आणि तुमची सही. नवऱ्याच्या सहीसाठी त्या फॉर्मवर ओळच नाहीये.

मग डॉक्टर मागतात का? भीती. उद्या नवरा येऊन तमाशा करेल, केस टाकेल, हॉस्पिटलच्या काचा फोडेल अशी भीती असते आणि ती अगदीच खोटी नाही, दवाखान्यांवर हल्ले आपण बघतोच. पण कोर्टात ही भीती टिकत नाही. एका नवऱ्याने खरंच बायकोवर आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता, मला न विचारता गर्भपात केला म्हणून. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०११ मध्ये तो दावा फेटाळला आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही नवऱ्याचं ऐकलं नाही. पुढे २०२२ च्या मोठ्या निकालात सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना उद्देशूनच म्हटलंय की कायद्यात नसलेल्या अटी बाईवर लादू नका, घरच्यांची संमती, जादाचे पुरावे, कोर्टाची परवानगी असलं काही मागू नका. हे तुमच्या डॉक्टरांना शांतपणे सांगा, भांडू नका, कारण आत्ता तुम्हाला त्यांची गरज आहे. तरीही ऐकलं नाही तर तिथे दोन आठवडे घालवू नका, सरळ दुसरीकडे जा, जिल्हा रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

एक अजून. डॉक्टर विचारतील कारण काय. आपल्या कायद्यात "मला नको" हे कारण म्हणून लिहिलेलं नाही, हे मला स्वतःला खटकतं पण आहे ते असं आहे. कारणं अशी आहेत, बाईच्या जिवाला धोका, तिच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा, किंवा बाळात गंभीर व्यंग असण्याची मोठी शक्यता. पण यातच पुढे म्हटलंय की गर्भनिरोधक वापरूनही दिवस राहिले तर त्याचा जो मानसिक त्रास होतो तो गंभीर इजा धरता येतो. शिवाय तिची आजूबाजूची परिस्थिती, आत्ताची आणि पुढे येणारी, डॉक्टरने विचारात घ्यावी असंही आहे. दीड वर्षाचं लेकरू अंगावर, नवरा परदेशात, ही परिस्थितीच आहे ना. २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. तुम्ही आठव्यात आहात, म्हणजे अजून गोळ्यांनीही होऊ शकतं, ९ आठवड्यांपर्यंत. म्हणून हे वाचलंत की याच आठवड्यात जा.

मी २१ वर्षांची आहे, पुण्यात होस्टेलला राहते, लग्न झालेलं नाही. मला असं वाटतं की मला दिवस गेलेत, सहा-सात आठवडे असतील. लग्न न झालेल्यांना अ‍ॅबॉर्शन करता येतं का? मैत्रीण म्हणाली आधार कार्डवरून घरी कळतं. मला खूप भीती वाटतेय.
— नाव देत नाही

अगं आधी एक मोठा श्वास घे. करता येतं. पूर्ण कायदेशीर आहे.

जुन्या कायद्यात गर्भनिरोधक फेल गेल्याचं जे कारण होतं ते "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" एवढ्यापुरतंच होतं, म्हणून लोकांच्या आणि कितीतरी डॉक्टरांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. २०२१ मध्ये कायदा बदलला, २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला, आणि तिथे आता "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असं आहे. लग्नाचा दाखला मागायचा प्रश्नच येत नाही. कुणी मागितला तर ती त्यांची मनमानी.

घरी कळण्याचं बघ. वयाची खात्री करायला डॉक्टर ओळखपत्र बघू शकतात कारण १८ च्या खाली असेल तर नियम वेगळे आहेत, पण घरी फोन करायचा त्यांना काहीच अधिकार नाही, उलट तसं केलं तर तो गुन्हा आहे. २०२१ च्या दुरुस्तीत हे नवीन कलम आलं, ५ अ, गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव किंवा माहिती कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला सांगितली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नोंदणीचं रजिस्टर वेगळं आणि गुप्त ठेवायचं असतं, संमतीचा फॉर्म बंद पाकिटात ठेवायचा असतो. हे असं होतं का सगळीकडे? नाही होत, काही ठिकाणी रिसेप्शनवरच्या बाई मोठ्याने नाव पुकारतात, मला माहितेय. म्हणून जाताना थोडी चौकशी करून जा, आणि एकटी जाऊ नकोस, एक विश्वासाची मैत्रीण बरोबर ने.

आणि हे "असं वाटतं" वगैरे नको, आधी टेस्ट कर आणि सोनोग्राफी करून घे. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आले त्या दिवसापासून नाही. त्यामुळे तू सहा म्हणतेस ते आठ निघू शकतात. कितीतरी मुली इथेच फसतात, आपल्याकडे अजून वेळ आहे असं समजून.

दवाखाना निवडताना भिंतीवर फॉर्म बी बघ, म्हणजे त्या जागेला गर्भपात करण्याची सरकारी मान्यता असल्याचं सर्टिफिकेट, ते दिसेल असं लावायचं असतं. सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही. गर्भपात करणारा डॉक्टर अ‍ॅलोपॅथीचा आणि गायनॅकची पदवी, डिप्लोमा किंवा ठरवून दिलेलं ट्रेनिंग घेतलेला हवा. आयुर्वेद, होमिओपॅथीच्या डॉक्टरांना या कायद्याखाली परवानगी नाही. नोंदणी नसलेल्याने किंवा मान्यता नसलेल्या जागी केलं तर करणाऱ्याला २ ते ७ वर्षं सक्तमजुरी आहे, आणि ते बरोबरच आहे.

केमिस्टकडे गोळ्या मिळत नाहीत, प्रिस्क्रिप्शन असूनही नाही म्हणतात. ऑनलाइन मागवल्या तर चालतील का? गुन्हा आहे का?
— एक वाचक, अहिल्यानगर

प्रिस्क्रिप्शनशिवाय या गोळ्या विकणं बेकायदा आहे, प्रिस्क्रिप्शनवर विकणं कायदेशीर आहे. पण आपल्या महाराष्ट्रात बरेच केमिस्ट या गोळ्या ठेवतच नाहीत, कारण अन्न व औषध प्रशासनाची तपासणी, रजिस्टर, चौकशी, नसती झंझट नको म्हणून. मुलींचं प्रमाण घसरलं तेव्हा सरकारने गोळ्यांवरही नजर कडक केली, आणि त्यात एक साधी गोष्ट विसरली गेली की ९ आठवड्यांपर्यंत घ्यायच्या गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंधच लागत नाही, तेव्हा सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतच नाही. याचा मला फार राग येतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, जिथून प्रिस्क्रिप्शन घेतलं त्याच डॉक्टरकडे गोळ्या मागा, मान्यताप्राप्त सेंटर्स स्वतःकडे ठेवतात. ऑनलाइन किंवा कुणाच्या ओळखीतून आणून परस्पर घेऊ नका. एक तर कायद्याने स्वतःचा गर्भपात स्वतः करणारी बाईसुद्धा गुन्ह्यात येते, आधी इंडियन पीनल कोडचं कलम ३१२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८८ झालं, शब्द जवळपास तेच, १९७१ चा कायदा म्हणजे त्याला दिलेला अपवाद आहे. आणि दुसरं म्हणजे, गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर गोळ्यांनी काही होत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो, हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. आधीच घेतल्या असतील आणि रक्तस्राव थांबत नसेल तर मात्र केसबिसचा विचार न करता ताबडतोब जवळच्या हॉस्पिटलला जा आणि काय घेतलंय ते खरं सांगा.

सरकारी दवाखान्यात गेलो तर म्हणाले आधी ऑपरेशनला नाहीतर तांबीला हो म्हण, मगच पिशवी साफ करू. असं असतं का?
— एक वाचक, धडगाव

नसतं. सल्ला देऊ शकतात, अट घालू शकत नाहीत. दोन्ही संमती वेगवेगळ्या आहेत. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, पण आधी गर्भपात करून घ्या, तक्रार नंतरही करता येते.

आमची पहिलीच वेळ. २१ व्या आठवड्यात सोनोग्राफी केली, डॉक्टर म्हणाले बाळाच्या हृदयात मोठा दोष दिसतोय, मुंबईला जाऊन फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करा. तिथली अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली आहे. कुणी म्हणतं २० आठवड्यांनंतर काहीच करता येत नाही, कुणी म्हणतं कोर्टात जावं लागतं. आम्ही दोघं रोज रडतोय. काय करावं ते कळत नाही.
— एक जोडपं, कोल्हापूर जिल्हा

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी मेलवर थोडक्यात उत्तर दिलं होतं, इथे सविस्तर लिहितेय कारण हाच प्रश्न अजूनही काही जणांनी विचारलाय.

२० आठवड्यांनंतर काहीच करता येत नाही हे २०२१ पर्यंत खरं होतं, आता नाही. आता २० ते २४ आठवड्यांमध्ये ठरावीक गटातल्या स्त्रियांना गर्भपात करता येतो, एका ऐवजी दोन डॉक्टरांचं मत लागतं एवढंच, कोर्ट लागत नाही. हे गट नियम ३ बी मध्ये दिलेत. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया, जवळच्या नात्यात अत्याचार झालेल्या, अल्पवयीन मुली, गरोदर असताना विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, मोठं शारीरिक अपंगत्व असलेल्या, मानसिक आजार किंवा मतिमंदत्व असलेल्या, आपत्ती किंवा आणीबाणीच्या परिस्थितीत सापडलेल्या, आणि ज्यांच्या गर्भात गंभीर व्यंग आहे अशा. तुम्ही या शेवटच्या गटात येऊ शकता. म्हणजे फीटल इकोमध्ये दोष गंभीर निघाला आणि तुमचा निर्णय झाला, तर २४ च्या आत दोन पात्र डॉक्टर मिळून हे करू शकतात.

२४ च्या पुढे गेलं तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. बोर्डात गायनॅक, बालरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि सरकार नेमेल ते बाकीचे असतात, आपल्याकडे साधारण सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात बसतं. बोर्डाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं आणि मंजूर झालं तर अर्ज केल्यापासून पाच दिवसांत गर्भपात व्हायला हवा. गर्भात मोठं व्यंग असेल तर बोर्डाच्या मताने आठवड्यांची मर्यादाच नाहीये. हे खूप डॉक्टरांना सुद्धा नीट माहीत नसतं, "२४ संपले, कोर्टात जा" म्हणून मोकळे होतात. कोर्टाची वेळ तेव्हाच येते जेव्हा बोर्ड नाही म्हणतं, किंवा तुम्ही कुठल्याच गटात बसत नाही.

हे सगळं आपोआप नाही मिळालेलं. २००८ मध्ये मुंबईजवळच्या एका जोडप्याची केस अशीच होती, बाळाच्या हृदयात दोष, वीस आठवडे उलटून गेलेले, त्यांच्याबरोबर डॉक्टर निखिल दातार हायकोर्टात गेले, आणि हायकोर्टाने कायद्यात बसत नाही म्हणून नकार दिला. तेव्हा पेपरात काय काय छापून आलं, त्या बाईला लोक काय काय बोलले ते मला अजून आठवतं. पण प्रश्न तिथून सुरू झाला तो थांबला नाही, पुढे अशा कितीतरी बायका कोर्टात गेल्या, एकेकीला दिवस मोजत निकालाची वाट बघायला लागली, आणि कायदा बदलायला २०२१ उजाडलं, तेरा वर्षं.

बोर्ड नाही म्हणालं तरी सगळं संपत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्यापुढे एक केस आली, गर्भ तेहतिसाव्या आठवड्याच्या आसपास, बाळाचं डोकं आणि मेंदू नीट वाढलेला नाही, आणि बोर्डाने उशीर झालाय म्हणून नाही म्हटलेलं. कोर्ट म्हणालं, व्यंग गंभीर आहे हे बोर्डालाही मान्य आहे, मग उशीर झाला म्हणून त्या बाईवर आयुष्यभराचं लादायचं हे बरोबर नाही, निर्णय तिचा आहे, बोर्डाचा नाही. परवानगी दिली.

आता तुम्ही काय करायचं. पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट अलीकडे ओढा, कोल्हापूर-सांगलीत फीटल इको करणारं कुणी आहे का ते विचारा, मुंबईच्या हॉस्पिटलला फोन करून २१ आठवडे आहेत हे स्पष्ट सांगा. त्याच वेळी तुमच्या गायनॅकला विचारून ठेवा की २४ च्या आत करायचं ठरलं तर दुसरं मत कोण देईल आणि कुठे करता येईल, कारण प्रत्येक मान्यताप्राप्त दवाखान्याला इतक्या पुढच्या आठवड्यांची मान्यता नसते. आणि सगळं कळल्यावर तुम्हाला बाळ ठेवायचं असं वाटलं तर तेही तितकंच तुमचं. हृदयाचे काही दोष ऑपरेशनने बरे होतात, लहान मुलांच्या हार्ट सर्जनशी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नका. कुणाच्याच दबावाखाली नको, ना ठेव म्हणणाऱ्यांच्या ना काढ म्हणणाऱ्यांच्या.

बाकी वाचकांसाठी, बाळात व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी, म्हणजे अ‍ॅनोमली स्कॅन, १८ ते २० आठवड्यांत करून घ्या. पुढच्या महिन्यात बघू असं करू नका.

माझी मुलगी १६ वर्षांची आहे. तिला दिवस गेलेत, चौथा महिना. मुलगा ओळखीतलाच, तिच्याच क्लासचा. डॉक्टर म्हणतात पोलिसांना कळवावं लागेल. आम्हाला पोलीस नकोत, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तिच्या वडलांना अजून सांगितलेलं नाही. मार्ग सांगा.
— एक आई, लातूर जिल्हा

ताई, तुमचं पत्र वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. एकेक करून सांगते.

गर्भपात होऊ शकतो. १८ च्या खालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि पालक म्हणजे वडीलच असं काही नाही, कायद्यात पालक म्हणजे जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे त्या मुलीचा सांभाळ आहे ती व्यक्ती. तुमची एकटीची सही चालते. चौथा महिना म्हणजे अजून २० आठवड्यांच्या आत आहात, आणि अल्पवयीन असल्यामुळे २४ पर्यंतही जाता येतं, पण तोवर थांबू नका, प्रत्येक आठवड्याला तिच्या शरीराला जास्त त्रास आहे. आणि तिला विचारा. सही तुमची असली तरी शरीर तिचं आहे.

पोलिसांचं असं आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्यात १८ च्या खालच्या मुलीची संमती धरतच नाहीत, मुलगा तिच्याच वयाचा असला तरी, त्यामुळे डॉक्टरला कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर त्यालाच शिक्षा आहे. तुमचे डॉक्टर चुकीचं बोलत नाहीयेत. पण याच भीतीने आईबाप मुलींना कुठल्यातरी खोलीतल्या बोगस माणसाकडे नेतात हे सुप्रीम कोर्टाच्याही लक्षात आलं, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात त्यांनी मधला रस्ता काढला, की मुलीने आणि पालकाने तशी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना मुलीचं नाव आणि ओळख पटेल अशी माहिती द्यायची गरज नाही. तो निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, बोपण्णा आणि पारडीवाला यांचा आहे. एका २५ वर्षांच्या अविवाहित मुलीची केस होती, जोडीदाराने लग्नाला नकार दिलेला, २२ आठवडे झालेले, दिल्ली हायकोर्टाने नाही म्हटलं आणि सुप्रीम कोर्टाने तिला परवानगी दिली, आणि पुढे लिहिताना अविवाहित मुली, लग्नातला बलात्कार, अल्पवयीन मुली असं सगळंच त्यात घेतलं. या निकालाची प्रत मोबाईलवर डाऊनलोड करून डॉक्टरांना दाखवा आणि विनंती लेखी द्या. मी हे लिहितेय म्हणून सगळे ऐकतीलच असं नाही, पण मागायचा तुम्हाला हक्क आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही तिला एकांतात, न रागावता, नक्की विचारा, की हे तिच्या मर्जीने झालं का. जबरदस्ती असेल, किंवा मुलाचं नाव पुढे करून ती घरातल्याच कुणाला झाकत असेल, तर मग ओळख लपवायचा विचार सोडा, तक्रार द्या, आणि गर्भपाताच्या वेळी डीएनएसाठी नमुना ठेवायला सांगा, नंतर तो मिळत नाही. अत्याचार झालेल्या मुलीवर सरकारी असो की खासगी, कुठल्याही हॉस्पिटलने लगेच मोफत उपचार करायचे असतात. मदतीला १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे.

उशीर केला की काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०२४ मध्ये १४ वर्षांच्या मुलीची केस, घरच्यांना फार उशिरा कळलं, मुंबई हायकोर्टाने नाही म्हटलं, मग सुप्रीम कोर्टाने २२ एप्रिलला, गर्भ तिसाव्या आठवड्याच्या आसपास असताना, सायन हॉस्पिटलमध्ये गर्भपाताला परवानगी दिली. पण इतक्या पुढे गेल्यावर मुलीच्या जिवाची भीती वाटून आईवडलांचंच मन बदललं आणि २९ एप्रिलला कोर्टाने ती ऑर्डर मागे घेतली. एवढ्याशा मुलीच्या बाबतीत एक आठवडा हो, एक आठवडा नाही. तुमच्या लेकीवर ती वेळ येऊ देऊ नका, उद्या सकाळी निघा.

तुम्ही गर्भपाताची बाजू घेता. आमच्या भागात मुलींना पोटातच मारलं, आता पोरांना लग्नाला मुली मिळत नाहीत. माझं मत आहे की गर्भपातावर सरसकट बंदी हवी.
— एक वाचक, बीड

दादा, तुमचा राग खरा आहे आणि तुम्ही जे बघितलंय तेही खरं आहे. बीडमध्ये २०१२ मध्ये आणि सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ मध्ये मुलींचे गर्भ पाडण्याचं जे उघडकीस आलं ते आपण कुणी विसरलेलो नाही. पण त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि तो करण्यात महाराष्ट्रच देशात पहिला होता, १९८८ मध्ये. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तो कागदावरच पडून होता, तेव्हा मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि डॉक्टर साबू जॉर्ज २००० मध्ये सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा कुठे राज्यं हलली. त्या कायद्यात गुन्हा आहे लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा. पहिल्यांदा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा सापडला तर पाच. आणि बाईबद्दल कोर्ट असं धरून चालतं की तिला नवऱ्याने किंवा घरच्यांनीच भाग पाडलं, कारण बहुतेक वेळा तसंच असतं.

सरसकट बंदी आणली तर काय होतं हे आपण करून बघितलंय. १९७१ च्या आधी बंदीच होती, फक्त आईचा जीव वाचवायचा असेल तरच परवानगी. तेव्हा बायका काड्या घालून, झाडपाला घालून घेत होत्या आणि मरत होत्या. म्हणून सरकारने १९६४ मध्ये समिती नेमली, आपल्या राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा तिचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या अहवालातून हा कायदा आला. ज्याला मुलगी नको त्याच्याकडे पैसा असतो, गाडी असते, ओळखीचा डॉक्टर असतो, तो बंदीतूनही वाट काढतो. अडकते ती ऊसतोडीला गेलेली बाई, जिला चौथ्यांदा दिवस गेलेत आणि फडावर दवाखाना नाही. तुम्ही बीडचे आहात, तुम्हाला हे मी सांगायला नको.

मी मूळची बेळगावची, आता आयर्लंडमध्ये नर्स आहे. इथे सविता हलप्पनवार यांचं नाव अजून लोक काढतात. मला विचारायचंय की तशी वेळ भारतात आली असती तर कायदा आडवा आला असता का?
— एक वाचक, गॉलवे

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सविता बेळगावच्या, दातांच्या डॉक्टर, ३१ वर्षांच्या. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ पडायला लागला, वाचणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत होतं, त्यांनी गर्भपात मागितला, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून मिळाला नाही. जंतुसंसर्ग अंगभर पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. १९८३ मध्ये आयर्लंडने आईच्या आणि गर्भाच्या जगण्याचा हक्क सारखाच आहे असं राज्यघटनेतच घातलं होतं, त्यामुळे डॉक्टर निर्णय घ्यायला घाबरत होते. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी ते कलम काढून टाकायला मत दिलं आणि १ जानेवारी २०१९ पासून तिथे १२ आठवड्यांपर्यंत कारण न सांगता गर्भपात करता येतो, म्हणजे त्या बाबतीत ते आता आपल्या पुढे गेलेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, भारतात कायदा आडवा आला नसता. आपल्या कायद्यात १९७१ पासून कलम ५ आहे. बाईचा जीव वाचवायला गर्भपात ताबडतोब गरजेचा आहे असं नोंदणीकृत डॉक्टरला प्रामाणिकपणे वाटलं तर आठवड्यांची मर्यादा नाही, दुसऱ्या डॉक्टरचं मत नको, मान्यताप्राप्त जागा नको, गायनॅकचं खास ट्रेनिंगही नको. पण हे कलम माहीत असलेला आणि त्यावर निर्णय घेणारा डॉक्टर त्या रात्री ड्युटीवर असायला हवा. म्हणून आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या वाचक डॉक्टरांना आणि सिस्टरांना माझं सांगणं आहे, हे कलम लेबर रूममध्ये मराठीत लिहून लावा.

या विषयावरची उरलेली पत्रं पुढच्या अंकात घेते. ज्यांनी आठवडे १८ च्या पुढे लिहिलेत त्यांना मी मेलवर उत्तरं पाठवलीत, अंकाची वाट बघू नका, मेल उघडून बघा.